धर्मगुरू घडवणारी शाळा, नोबेल मिळवणारे विद्यार्थी

उत्तर आयर्लंडमधील डेरी हे लाखाच्या आतबाहेर लोकवस्तीचे शहर. याच शहरातील एका शाळेच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने नोबेल पारितोषिकावर नाव कोरले. १९९५ मध्ये साहित्याचे नोबेल कवी शेमस हीनी यांना मिळाले, तर १९९८ मध्ये शांततेचे नोबेल जॉन ह्यूम यांना डेव्हिड ट्रिंबल यांच्यासह विभागून मिळाले. हीनी हे शेतकऱ्याचे चिरंजीव, तर ह्यूम हे बेरोजगार वडिलांच्या सात अपत्यांतील थोरले. या दोघांना घडवणाऱ्या शाळेचे नाव सेंट कोलम्ब्स कॉलेज. धर्मगुरू तयार करण्यासाठी स्थापन झालेली ही संस्था एका पिढीच्या सामाजिक परिवर्तनाचे साधन कशी बनली, याचा इतिहास बोधप्रद आहे. त्या इतिहासाला यशाबरोबरच सलणारी एक बाजूही आहे.

बिशपच्या गरजेतून जन्म

डेरी हे नाव मूळ आयरिश भाषेतील 'डॉयरे', म्हणजे ओक वृक्षांची राई, या शब्दावरून आले. सहाव्या शतकात संत कोलंबा यांनी येथे मठ स्थापन केला, अशी परंपरा सांगते. शाळेला त्यांचेच नाव देण्यात आले आहे. सतराव्या शतकात इंग्रज व स्कॉटिश वसाहतकाऱ्यांनी शहराभोवती तट उभारला आणि त्याला 'लंडनडेरी' हे नाव दिले. आजही शहराला कोणत्या नावाने संबोधायचे, यावरून बोलणाऱ्याचा राजकीय कल ओळखला जातो.

अठराव्या शतकात जाचक कायद्यांमुळे आयर्लंडमधील कॅथलिकांना शाळा चालवण्यास मनाई होती. कुंपणाच्या आडोशाने किंवा गोठ्यात भरणाऱ्या गुप्त शाळांमधून मुले शिकत. हे कायदे शिथिल झाल्यानंतर डेरीच्या धर्मप्रांताने धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी विद्यालय सुरू करण्याचे अनेक प्रयत्न केले. मात्र त्यांतील एकही दीर्घकाळ टिकला नाही. अखेर बिशप फ्रान्सिस केली यांच्या कारकिर्दीत, ३ नोव्हेंबर १८७९ रोजी, बिशप स्ट्रीटवर सेंट कोलम्ब्स कॉलेजचे दरवाजे उघडले. शाळेच्या आवारात जुन्या पवनचक्कीचे अवशेष आहेत. १६८९ च्या प्रसिद्ध वेढ्यात प्रोटेस्टंट बचावकर्ते आणि कॅथलिक राजा जेम्स याचे सैन्य यांच्यात याच टेकडीवर झुंज झाली होती. त्याच जागेवर कॅथलिकांची शाळा उभी राहिली, हा इतिहासाचा योगायोगच म्हणावा लागेल.

प्रारंभीच्या काळात शाळेचा हेतू मर्यादित होता. धर्मप्रांतातील हुशार मुलांना लॅटिन, ग्रीक व गणिताचे पक्के शिक्षण देऊन पुढे मेनूथ येथील धर्मविद्यालयात पाठवायचे, अशी ही व्यवस्था होती. शिक्षकांमध्येही धर्मगुरूंचा भरणा होता. सामान्य कॅथलिक कुटुंबाला येथील शुल्क परवडणे कठीण होते.

१९४७ चा कायदा

'ग्रामर स्कूल' या नावाचा उगम मध्ययुगीन लॅटिन व्याकरणाच्या शाळांमध्ये आहे. विसाव्या शतकात मात्र या शब्दाला वेगळा अर्थ प्राप्त झाला. निवड परीक्षा घेऊन प्रवेश देणारी आणि विद्यापीठीय शिक्षणाची तयारी करून घेणारी माध्यमिक शाळा म्हणजे ग्रामर स्कूल, अशी तिची ओळख बनली.

या बदलाचे मूळ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या शैक्षणिक सुधारणांमध्ये आहे. इंग्लंडमध्ये १९४४ मध्ये शिक्षण कायदा झाला. त्याच धर्तीवर उत्तर आयर्लंडने १९४७ मध्ये कायदा संमत केला. त्यानुसार प्राथमिक शाळेच्या अखेरीस, वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास, मुलांची परीक्षा घेतली जाऊ लागली. 'इलेव्हन-प्लस' या नावाने ती ओळखली जाते. उत्तीर्ण होणाऱ्याला ग्रामर स्कूलचे शिक्षण सरकारी खर्चाने मिळू लागले. कॅथलिक संस्थांसारख्या स्वयंसेवी शाळांच्या बांधकामासाठी मिळणारे सरकारी अनुदानही या कायद्याने ५० टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर नेले.

यातील विरोधाभास लक्षणीय आहे. १९२१ च्या फाळणीनंतर उत्तर आयर्लंडची सत्ता प्रोटेस्टंट युनियनिस्ट पक्षाकडे होती. डेरीत कॅथलिकांचे बहुमत असूनही प्रभागांची आखणी अशी करण्यात आली होती, की नगरपालिकेवर युनियनिस्टांचेच वर्चस्व राहावे. स्थानिक निवडणुकीत मताचा अधिकार घराच्या ताब्याशी जोडलेला असल्याने घरवाटपातही राजकारण होते. अशा राजवटीने संमत केलेल्या कायद्यानेच कॅथलिक कामगारांच्या मुलांना उच्च शिक्षणाची वाट खुली केली. दोन दशकांनी याच मुलांनी त्या राजवटीला जाब विचारला.

वसतिगृह आणि लॅटिनचा तास

जॉन ह्यूम हे या कायद्याच्या पहिल्या लाभार्थींपैकी एक. ते डेरीचेच असल्याने घरून शाळेत जात. शेमस हीनी १९५१ मध्ये बारा वर्षांचे असताना शिष्यवृत्ती मिळवून आले. त्यांचे घर ४० मैलांवर असल्याने त्यांना वसतिगृहात राहावे लागले. ज्या मुलांनी तोवर शेत, गोठा आणि गावातील शाळा एवढेच जग पाहिले होते, त्यांच्यासाठी उंच भिंतींच्या आतील ही शिस्त कठोर होती. शारीरिक शिक्षा हा शाळेच्या दिनक्रमाचा भाग होता. 'नॉर्थ' या १९७५ च्या संग्रहातील, शेमस डीन यांना उद्देशून लिहिलेल्या कवितेत हीनी यांनी त्या दिवसांतील घराची ओढ आणि पट्ट्याचा मार या दोन्हींची नोंद केली आहे.

१९५३ मध्ये हीनी शाळेत असतानाच त्यांचा धाकटा भाऊ ख्रिस्तोफर रस्ते अपघातात मरण पावला. शाळेतून घरी परतलेल्या मुलाने पाहिलेले ते घर पुढे त्यांच्या 'मिड-टर्म ब्रेक' या कवितेत उतरले. ही कविता आज आयर्लंडमधील सर्वाधिक परिचित कवितांमध्ये गणली जाते.

या शाळेने हीनी यांना आयुष्यभर पुरलेली एक शिदोरीही दिली, ती लॅटिन भाषेची. त्यांचे शिक्षक फादर मायकेल मॅकग्लिंची वर्गात व्हर्जिलच्या 'ईनिड' महाकाव्याचा नववा सर्ग शिकवत, कारण परीक्षेसाठी तोच नेमलेला होता. परंतु त्यांचे मन सहाव्या सर्गात गुंतलेले होते आणि ही हळहळ ते मुलांपाशी वारंवार व्यक्त करीत. मृत पित्याच्या भेटीसाठी पाताळात उतरणाऱ्या नायकाची कथा त्या सर्गात येते. हीनी यांनी हा सर्ग अनुवादित केला तो स्वतःचे वडील गेल्यानंतर, उत्तरायुष्यात. हा अनुवाद म्हणजे आपल्या लॅटिनच्या शिक्षकासाठी केलेला गृहपाठच आहे, अशी त्यांची भावना होती. त्यांच्या निधनानंतर २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ३० ऑगस्ट २०१३ रोजी, मृत्यूच्या काही मिनिटे आधी, हीनी यांनी पत्नीला मोबाइलवर पाठवलेला अखेरचा संदेशही लॅटिनमध्येच होता. 'नोली तिमेरे', म्हणजे 'भिऊ नकोस', एवढेच दोन शब्द त्यात होते.

वर्गातून रस्त्यावर

ह्यूम शाळेतून मेनूथच्या धर्मविद्यालयात गेले. संस्थेच्या मूळ हेतूला साजेशीच ही वाटचाल होती. मात्र त्यांनी धर्मगुरूपदाचा मार्ग सोडला आणि काही काळाने ते सेंट कोलम्ब्समध्ये फ्रेंच व इतिहासाचे शिक्षक म्हणून परतले. सावकारी पाशातून गरीब कुटुंबांची सुटका करण्यासाठी १९६० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह डेरीत पतपेढी सुरू केली. उत्तर आयर्लंडचे दुसरे विद्यापीठ डेरीला डावलून कोलरेन येथे नेण्याचा निर्णय १९६५ मध्ये झाला, तेव्हा त्याविरुद्धच्या आंदोलनाचे नेतृत्व या तरुण शिक्षकाकडे आले.

५ ऑक्टोबर १९६८ रोजी डेरीत निघालेल्या नागरी हक्क मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि उत्तर आयर्लंडचा प्रश्न जगापुढे आला. या मोर्चाच्या संयोजकांपैकी एमन मॅकॅन हेही सेंट कोलम्ब्सचेच विद्यार्थी. ३० जानेवारी १९७२ च्या 'रक्तरंजित रविवारी' ब्रिटिश सैनिकांनी निःशस्त्र नागरिकांवर गोळीबार केला. त्यात १३ जण ठार झाले आणि नंतर आणखी एका जखमीचा मृत्यू झाला. त्या दिवशी रक्ताने माखलेला पांढरा रुमाल फडकावीत जखमी मुलाला नेणाऱ्यांना वाट करून देणारे फादर एडवर्ड डेली यांचे छायाचित्र जगभर पोचले. डेली हे याच शाळेच्या वसतिगृहात वाढलेले. १९७४ ते १९९३ या काळात ते डेरीचे बिशप होते.

बंदुकीने आयर्लंड एक होणार नाही, ही भूमिका ह्यूम यांनी तीन दशके सोडली नाही. १० एप्रिल १९९८ च्या 'गुड फ्रायडे' कराराच्या शिल्पकारांमध्ये त्यांची गणना होते. भारत सरकारने २००१ च्या गांधी शांतता पुरस्काराने त्यांना गौरवले. ३ ऑगस्ट २०२० रोजी त्यांचे निधन झाले.

रंगभूमी, कादंबरी, संगीत

नाटककार ब्रायन फ्रील हे १९४७ च्या कायद्यापूर्वीच, १९४१ ते १९४६ या काळात, येथे शिकले. त्यांचे 'ट्रान्सलेशन्स' हे नाटक सप्टेंबर १९८० मध्ये डेरीच्या गिल्डहॉलमध्ये प्रथम रंगले. आयरिश गावांची नावे इंग्रजी नकाशात बदलली जात असताना एका कुंपणाआडच्या शाळेत काय घडते, हा त्याचा विषय. ज्या गुप्त शाळांच्या परंपरेतून पुढे सेंट कोलम्ब्ससारख्या संस्था उभ्या राहिल्या, त्यांना फ्रील यांनी रंगमंचावर आणले. फ्रील आणि अभिनेते स्टीफन रे यांनी स्थापन केलेल्या 'फील्ड डे' या नाट्यसंस्थेत हीनी व समीक्षक-कादंबरीकार शेमस डीन हेही सहभागी झाले. डीन यांची 'रीडिंग इन द डार्क' ही कादंबरी १९९६ मध्ये बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत होती. युरोव्हिजन स्पर्धेत १९६७ मध्ये विजयी ठरलेल्या 'पपेट ऑन अ स्ट्रिंग' या गीताचे सहलेखक फिल कोल्टर, गायक पॉल ब्रेडी आणि फुटबॉलपटू मार्टिन ओनील यांचीही नावे शाळेच्या पटावर आहेत.

चाळणीची दुसरी बाजू

ही नामावली दिपवणारी असली, तरी तिची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न उरतोच. अकराव्या वर्षी एका परीक्षेने मुलांची विभागणी होत असे. एकाच गल्लीत वाढलेल्या, एकाच बाकावर बसलेल्या मित्रांपैकी एक ग्रामर स्कूलला जाई आणि दुसऱ्याच्या कपाळी अनुत्तीर्णतेचा शिक्का बसे. उत्तीर्ण न होणाऱ्यांचीच संख्या मोठी होती. त्यांच्यातही हुशार मुले असणारच. पण त्यांची यादी कोणी ठेवली नाही. शाळेवर निघालेल्या 'द बॉइज ऑफ सेंट कोलम्ब्स' या माहितीपटात माजी विद्यार्थ्यांनी कृतज्ञतेबरोबरच शाळेतील मारझोडीबद्दलही मोकळेपणाने सांगितले.

शिवाय ही शाळा फक्त मुलांची. डेरीच्या कॅथलिक मुलींसाठी थॉर्नहिल कॉलेज सुरू झाले ते १९३२ मध्ये, म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळाने.

सरकारी 'इलेव्हन-प्लस' अखेरची २००८ मध्ये झाली. निवड पद्धत संपावी, अशी कॅथलिक धर्मनेतृत्वाचीही भूमिका होती. तरीही अनेक ग्रामर स्कूलांनी स्वतंत्र परीक्षा चालू ठेवल्या आणि २०२३ पासून त्यांतील बहुतेकांसाठी एकच सामायिक परीक्षा घेतली जाऊ लागली. निवडीचे समर्थक सेंट कोलम्ब्सचे उदाहरण देतात. विरोधक तेच उदाहरण उलट बाजूने मांडतात. शुल्काची अट दूर होताच शेतकऱ्याच्या आणि बेरोजगाराच्या घरातून हीनी व ह्यूम पुढे आले. मग परीक्षेच्या अटीमुळे किती जण मागे राहिले असतील, हा विरोधकांचा सवाल आजही अनुत्तरित आहे.

महत्त्वाचे टप्पे

१८७९ : बिशप स्ट्रीटवर शाळेची स्थापना
१९४७ : शिक्षण कायदा, परीक्षेद्वारे मोफत प्रवेशाची सोय
१९७३ : बंक्राना रोडवरील नव्या वास्तूत शाळा सुरू
१९९५ : शेमस हीनी यांना साहित्याचे नोबेल
१९९७ : बिशप स्ट्रीटच्या जुन्या जागेत मुला-मुलींचे लुमेन क्रिस्ती कॉलेज सुरू
१९९८ : जॉन ह्यूम यांना शांततेचे नोबेल