अर्ज विद्यापीठाचा, आयुष्य संशोधकाचं

इथे बसलेल्यांपैकी काहींची मुलं अमेरिकेतल्या विद्यापीठांत संशोधन करत असतील. 'आमचं ग्रीन कार्ड फाइल झालं' असं ती फोनवर सांगतात. आता या वाक्यातला कर्ता शोधा. सापडत नाही ना? कारण नोकरीच्या वाटेने जाणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत अर्जदार असतं विद्यापीठ, आणि संशोधक असतो 'लाभार्थी'. हे असं कसं झालं, ते आज पाहू.

१९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. त्याच काळात यल्लाप्रगडा सुब्बाराव हार्वर्डमध्ये संशोधन करत होते. तिथे कायमची नेमणूक मिळाली नाही, तेव्हा ते लेडर्ली प्रयोगशाळेत गेले. फॉलिक आम्ल, ऑरिओमायसिन यांच्यामागे त्यांचं काम आहे. १९४६ मध्ये कायदा बदलला, भारतीयांना नागरिकत्व खुलं झालं, पण भारताचा वार्षिक कोटा किती? फक्त १००! सुब्बाराव १९४८ मध्ये वारले, ते नागरिक न होताच.

१९५२ च्या कायद्याने प्रत्येक कोट्यातला निम्मा वाटा उच्चशिक्षित, कुशल लोकांना दिला. पण अट अशी की त्यांच्यासाठी मागणी नोकरी देणाऱ्याने करायची. मालकाची सही इथून महत्त्वाची झाली.

१९६५ मध्ये वंशावर बेतलेले कोटे गेले. पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला वर्षाला २०,००० ची एकच मर्यादा आली. शास्त्रज्ञ, इंजिनिअर, डॉक्टर मोठ्या संख्येने गेले ते यानंतर. सगळ्यांना सारखं माप, हा त्या काळी न्याय होता. हे माप लक्षात ठेवा.

१९७६ ची दुरुस्ती प्राध्यापकांच्या दृष्टीने मोठी. एरवी किमान पात्रतेचा अमेरिकन उमेदवार मिळाला की परदेशी माणसाचं लेबर सर्टिफिकेशन अडतं. अध्यापकांसाठी कायदा म्हणाला, तो अमेरिकन 'तितकाच पात्र' असला पाहिजे. म्हणजे विद्यापीठाला सर्वांत चांगला उमेदवार निवडता येऊ लागला.

१९९० मध्ये 'उत्कृष्ट प्राध्यापक व संशोधक' असा वेगळा वर्ग झाला. त्याला लेबर सर्टिफिकेशन नको. आंतरराष्ट्रीय मान्यता, तीन वर्षांचा अनुभव आणि कायम स्वरूपाची नेमणूक एवढं हवं. खरी गोम शेवटच्या अटीत आहे. पोस्टडॉकची नेमणूक बहुधा वर्षावर्षाची, ग्रँट असेतोवरची. माणूस कितीही हुशार असो, नेमणूक कायम स्वरूपाची नसेल तर हा दरवाजा बंद. स्वतःच अर्ज करण्याच्या वाटा आहेत, पण त्यांचे निकष वेगळे.

आणि ते सारखं माप? त्याच १९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारित व्हिसांचा आकडा १,४०,००० च्या आसपास ठरवला. त्यात बायकामुलंही मोजली जातात. एका देशाला साधारण ७ टक्के. देश मोजायचा तो जन्माचा, पासपोर्टचा नाही. आइसलँड आणि भारत एकाच मापाने! त्यामुळे अर्ज मंजूर होऊनही पुण्यात जन्मलेला संशोधक वर्षानुवर्षं रांगेत उभा राहतो. मुलं एकवीस वर्षांची झाली की रांगेतून बाहेर पडण्याची भीती असते. २००० च्या कायद्याने एवढी सोय केली की रांगेत असताना एच-वन-बी सहा वर्षांपुढेही वाढवता येतो. मंजूर अर्ज असेल तर नोकरी बदलल्यावरही रांगेतली जागा सहसा टिकते, मात्र बहुतेकदा नव्या मालकाला नव्याने अर्ज करावा लागतो.

भेदभाव मोडायला आणलेलं समान माप मोठ्या देशाच्या माणसाला लांब रांग देऊन गेलं. तेव्हा घरच्या मुलाला 'कार्ड कधी येणार?' एवढंच विचारू नका. अर्ज कोणत्या वर्गात आहे, नेमणूक कायम आहे का आणि रांगेतली तारीख कोणती, हे विचारा.