बापाची ढाल

इ.स.पू. ४१६. अथेन्स म्हणजे लोकशाहीचं माहेर. त्या माहेरच्या फौजेनं मेलोस बेट घेतलं, हाती लागलेले पुरुष कापले, बायका-पोरं गुलाम केली. पुढच्याच वसंतात, ४१५ साली, युरिपिडीसनं त्याच अथेन्ससमोर ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ हे नाटक आणलं.

ट्रॉय पडलंय. बायका वाटणीची वाट बघतायत. कोण कुणाची गुलाम, ते निरोप्या येऊन सांगतो. हेक्टरचं पोर तटावरून फेकून मारतात आणि पुरतात बापाच्याच ढालीत. राखणारी ढाल, तीच शवपेटी. हे प्रतीक कळायला पंडित लागत नाही.

आता उपरोध बघा. सुरुवातीलाच पोसायडन आणि अथीना ठरवतात, परतीच्या वाटेवर ग्रीकांची जहाजं बुडवायची. जिंकलेल्यांना पत्ता नाही, प्रेक्षकांना ठाऊक. पण प्रेक्षकांना स्वतःचं कुठं ठाऊक होतं? त्याच वर्षी त्यांचं आरमार सिसिलीवर निघालं. ४१३ मध्ये पार धुळीला मिळालं. हजारो कैदी सिराक्यूजच्या दगडखाणीत सडले.

नाटकाला दुसरं बक्षीस मिळालं. युरिपिडीसला मी मानतो. मालकांच्या तोंडावर त्यानं गुलामीचं रडणं मांडलं. तरी एक सल राहतोच. राणी हेक्युबा गुलाम झाली, तिची शोकांतिका झाली. लॉरियमच्या खाणीत चांदी खणणाऱ्या गुलामांची एकही शोकांतिका आपल्यापर्यंत आलेली नाही.

अथेन्सचं आरमार पहिल्यांदा उभं राहिलं, ते त्याच चांदीवर.