तळटीप १४ : टॅग रग्बी लीग

१४. पट्टी : लेखकाने वर्णिलेला बालमेळावा उत्तर इंग्लंडमधल्या रग्बी लीगचा आहे, रग्बी युनियनचा नव्हे. सामन्यापायी बुडालेल्या मजुरीची भरपाई खेळाडूंना द्यावी की नाही, या वादातून १८९५ साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. पुढे त्यातूनच तेरा जणांचा हा खेळ घडला. मोठ्यांच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याला अंगावर झेपावून पाडतात. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी ती धरपकड गाळली आहे. त्यांच्या कमरपट्ट्याला दोन्ही बाजूंना वेल्क्रोने एकेक रंगीत पट्टी चिकटवतात. चेंडू घेऊन पळणाऱ्याची पट्टी उपटली की तो पकडला गेला. उपटणारा ती उंच धरून ‘टॅग!’ असे ओरडतो आणि परत देतो. मग चेंडूवाला चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे सारतो व खेळ पुढे चालू होतो. युनियनच्या टॅग प्रकारात मात्र अशा वेळी चेंडू लगेच साथीदाराकडे फेकावा लागतो. पास पुढे द्यायचा नाही, हा नियम दोन्हींकडे आहे आणि चिमुरड्यांना तोच सर्वांत जड जातो : पाय पुढे धावतात, चेंडू मागे द्यायचा असतो. पट्ट्या झाकल्या जाऊ नयेत म्हणून जर्सी चड्डीत खोचावी लागते. पुढच्या परिच्छेदातले प्रशिक्षक गुडघ्यांवर बसून एकेकाची जर्सी खोचतात, ते याचसाठी. — संपा.