पेमेंट का अडकतं, कॉल का तुटतो? जाणून घ्या टीसीपी, यूडीपी आणि एचटीटीपीएसमधला फरक

मोबाइलवर सातबारा उघडताना चाक बराच वेळ फिरत राहतं, पण उघडला की पूर्ण उघडतो. एकही आकडा गायब नसतो. त्याच रेंजमध्ये व्हिडिओ कॉल मात्र लागतो, पण आवाज तुटतो आणि चेहरा फुटका दिसतो. रेंज एकच, मग असं का? कारण दोन्हीकडे डेटा पाठवायचे नियम वेगळे आहेत. या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात.

फोनमधली माहिती अखंड जात नाही. तिचे छोटे तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. पॅकेट पत्त्यावर नेण्याचं काम आयपी हा प्रोटोकॉल करतो. पण ते पोचेलच याची हमी तो देत नाही.

टीसीपी : पोचपावती घेणारा
हा प्रोटोकॉल तलाठ्याच्या नोटिशीसारखा आहे, सही घेतल्याशिवाय काम संपत नाही. आधी दोन्ही बाजू एकमेकांची खात्री करतात, मगच डेटा सुटतो. पोचपावती आली नाही तर तुकडा पुन्हा पाठवला जातो. म्हणून वेळ लागतो, पण माहिती पूर्ण आणि क्रमाने मिळते. ईमेल आणि बऱ्याच वेबसाइट यावर चालतात. विंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये याची मांडणी केली.

यूडीपी : दवंडी
दवंडी पिटली, ज्याने ऐकली त्याने ऐकली. १९८० मध्ये आलेला यूडीपी पोचपावतीची वाट बघत नाही, म्हणून वेगवान आहे. इंटरनेटवरचे कॉल आणि ऑनलाइन गेम बहुधा यावरच चालतात. बोलताना निसटलेला शब्द पाच सेकंदांनी येऊन उपयोग काय? त्यापेक्षा पुढचं बोलणं वेळेवर आलेलं बरं.

२०२१ मध्ये प्रमाणित झालेला 'क्विक' हा नवा प्रोटोकॉल यूडीपीवर चालतो, पण पोचपावतीही घेतो.

एचटीटीपी आणि एचटीटीपीएस
एचटीटीपी म्हणजे उघडं पोस्टकार्ड, वाटेत कुणीही वाचू शकतं. एचटीटीपीएस म्हणजे बंद पाकीट. शेवटचा 'एस' म्हणजे सिक्युअर. ज्या साइटला 'एस' नाही, तिथे पासवर्ड, पिन किंवा आधार नंबर टाकू नका.

पण एक लक्षात ठेवा. पाकीट बंद आहे म्हणजे घेणारा प्रामाणिक आहे, असं नाही. बनावट साइटही एचटीटीपीएस वापरतात. त्यामुळे पत्त्याचं स्पेलिंग नीट वाचा. पीएम किसानसारख्या सरकारी साइटचा पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट इन'ने संपतो.

पेमेंट अडकलं तर?
कृषी केंद्रात खताचे पैसे देताना मध्येच रेंज गेली, तर बँकेचं उत्तर फोनपर्यंत येत नाही. पैसे कापले गेले असतील किंवा नसतीलही. अशा वेळी :

• लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका.
• रेंज आल्यावर ॲपमधली हिस्ट्री आणि खात्यातली शिल्लक तपासा.
• पैसे कापले गेले आणि दुकानदाराला मिळाले नाहीत, तर ॲपमध्ये किंवा बँकेत तक्रार करा.
• इंटरनेट नसेल पण कॉलची रेंज असेल, तर *९९# डायल करून शिल्लक बघता येते. त्यासाठी मोबाइल नंबर बँकेत नोंदवलेला हवा.
• फसवणूक झाली असेल तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.