पत्ता बदलताना मागे राहिलेली पत्रे

मराठ्यांचा इतिहास आज ज्या तपशिलाने आपल्याला ज्ञात आहे, त्याचे मोठे श्रेय पत्रांना द्यावे लागते. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत १७३७ साली ठाण्याचा किल्ला मराठ्यांच्या हाती आला. त्या मोहिमेची हकिकत पेशवे दप्तरातील मोडी पत्रांतून उलगडते. वि. का. राजवाडे जुन्या घराण्यांची दप्तरे धुंडाळत हिंडले आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध झाला. पुढे गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. कागद शिल्लक होता, म्हणूनच हे घडू शकले. १९९५ नंतरच्या मराठी पत्रव्यवहाराविषयी मात्र अशी खात्री देता येत नाही. त्याचे एक कारण वरकरणी अगदी क्षुल्लक आहे : ई-मेलची एक प्रणाली सोडून दुसरी स्वीकारणे.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. ते घरी येई दूरध्वनीच्या तारेवरून. आमच्या परिसरात ठाण्याचा दूरध्वनी ०२२ मध्ये, म्हणजे महानगर टेलिफोन निगमकडे. कल्याण-डोंबिवलीचा ०२५१ मध्ये, आधी दूरसंचार खात्याकडे व ऑक्टोबर २००० पासून भारत संचार निगमकडे. खाते कोणतेही असो, जोडणी चालू असेतो मीटर फिरत राही. म्हणून पत्रे एकदम उतरवून घ्यायची, जोडणी तोडायची आणि मग निवांत वाचायची, हा रिवाज पडला. आउटलुक एक्स्प्रेस आणि युडोरा या प्रणाली त्यासाठीच सोयीच्या होत्या. साहित्याच्या अभ्यासकांना हे रोचक वाटेल की, १९८८ साली स्टीव्ह डॉर्नर यांनी रचलेल्या युडोराला अमेरिकन कथालेखिका युडोरा वेल्टी यांचे नाव दिलेले आहे. घरच्यांशी भांडून टपालकचेरीतच मुक्काम हलवणाऱ्या एका स्त्रीची त्यांची कथा डॉर्नर यांना आठवली होती.

या रिवाजाचा एक परिणाम तेव्हा फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही. पत्र उतरवले की, वेगळी सूचना दिलेली नसल्यास, मूळ प्रत सेवा देणाऱ्याच्या यंत्रावरून पुसली जाई आणि ते पत्र केवळ त्या एका संगणकावर उरे. दुसरीकडे १९९६ साली हॉटमेल आले, पुढे रेडिफमेल आले आणि सायबर कॅफेत बसून पत्रव्यवहार करणारी पिढी तयार झाली. पण हॉटमेलची जागा अवघी २ मेगाबाइट, आणि ३० दिवस कोणी फिरकले नाही तर पेटी रिकामी केली जाई. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल १ गिगाबाइट जागा घेऊन आले आणि यथावकाश बहुतेकांनी तिकडे बिऱ्हाड हलवले. नवा पत्ता सर्वांना कळवला गेला. जुनी पत्रे मात्र बहुधा जुन्या संगणकातच राहिली आणि त्याच्याबरोबर भंगारात गेली.

मराठी पत्रांवर याहून मोठे संकट होते ते लिपीचे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ मध्येच स्थान मिळाले असले, तरी घरोघरीच्या संगणकांवर ते रुळायला पुढची दहा-पंधरा वर्षे गेली. तोवर श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण असे निरनिराळे फाँट वापरात होते आणि प्रत्येकाची अक्षरयोजना स्वतंत्र होती. ‘क’ म्हणून दिसणारे अक्षर आत कोणत्या तरी रोमन चिन्हाच्या जागी बसवलेले असे. तो फाँट काढून घेतला की पत्राचा निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग होई. मोडी शिकलेला माणूस पेशवाईतला कागद वाचू शकतो. येथे मात्र प्रत्येक फाँटची मोडी निराळी.

हानी संपूर्ण नाही. युडोरा पत्रे साध्या मजकुराच्या फायलींत ठेवत असे, त्यामुळे त्या आजही उघडतात. आउटलुक एक्स्प्रेसच्या बंदिस्त फायलीही त्यासाठी केलेल्या साधनांनी उघडता येतात. फाँटचे नाव ठाऊक असेल तर मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. जीमेलमधील सारी पत्रे ‘एमबॉक्स’ या साध्या स्वरूपात उतरवून घेण्याची सोय आहे, आणि ती वापरणे निकडीचे आहे. कारण दोन वर्षे न वापरलेली खाती पुसून टाकण्याचे गूगलचे धोरण डिसेंबर २०२३ पासून अमलात आले आहे. लेखकाच्या निधनानंतर दोन वर्षे सरायला वेळ लागत नाही.

जी. ए. कुलकर्णी यांच्या निवडक पत्रांचे खंड किंवा सुनीता देशपांडे यांचे ‘प्रिय जीए’ आपण अभ्यासतो, ते कोणी तरी पत्रे जपली म्हणून. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. ठाण्यात २०१० साली आणि डोंबिवलीत २०१७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अशा परिसरातील लेखक-संपादकांची ई-पत्रे मिळवणे, त्यांच्या वा वारसांच्या संमतीने ती युनिकोडमध्ये आणून ग्रंथालयांच्या स्वाधीन करणे, हे काम मराठी विभागांनी हाती घ्यावे असे आम्हांला वाटते. पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पासाठी याहून उपयुक्त विषय सहसा सापडणार नाही. जुने संगणक अजून काही घरांच्या माळ्यांवर असतील. तेवढ्या अवधीतच हे करावे लागेल.