नम्रतेची खरी कसोटी

कोल्हापूरच्या वायव्येस वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाचे देवस्थान आहे. चैत्री पौर्णिमेस तेथे मोठी यात्रा भरते व उंच सासनकाठ्या नाचवीत, गुलाल उधळीत दूरदूरचे लोक डोंगर चढतात. पुष्कळ वर्षी ही पौर्णिमा आमच्या पवित्र आठवड्याच्या लगतच येते. जोतिबा हे ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे कुलदैवत असून तेथील मंदिर राणोजी शिंद्यांनी इ. स. १७३० मध्ये नव्याने बांधविले. या घराण्याच्या इतिहासातील एक प्रसंग नम्रतेविषयी आम्हां ख्रिस्ती जनांस पुष्कळ शिकवितो. म्हणून या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी आम्ही तो वाचकांपुढे ठेवीत आहो.

राणोजी प्रथम पेशव्यांचे जोडे सांभाळण्याच्या कामी होते, अशी परंपरा आहे. त्यांचे पुत्र महादजी इतके प्रबळ झाले की, दिल्लीचा बादशहा शाह आलम त्यांच्याच आश्रयाने तख्तावर टिकून होता. असे हे महादजी इ. स. १७९२ च्या जूनमध्ये बादशाही सनदा घेऊन पुण्यास आले. ग्रँट डफ हा इतिहासकार सांगतो की, दरबारात ते सर्व मानकऱ्यांच्या खाली बसले, बगलेतील गाठोड्यातून नवे जोडे काढून सवाई माधवराव पेशव्यांपुढे ठेविले, जुने आपल्या काखेत घेतले आणि हाच आमच्या वडिलांचा व आमचा धंदा, असे म्हणाले. स्वतःस ते केवळ पाटील म्हणवीत. म्हणून लोक त्यांस पाटीलबावा म्हणत. त्याच वर्षी पेशव्यांनी आपल्या चाकरीतील कॅथोलिक शिपायांच्या चर्चसाठी पुण्यात जागा दिली, हेही आम्ही कृतज्ञतेने स्मरतो.

परंतु पुढील वर्षी काय घडले? इ. स. १७९३ मध्ये लाखेरी येथे याच पाटीलबावांच्या फौजेने आपल्याच बरोबरीच्या होळकरांच्या फौजेचा मोड केला. धन्याचे जोडे उचलणारा हात बरोबरीच्यापुढे मात्र आखडला नाही. महादजींच्या अंतःकरणाचा न्याय करणारे आम्ही कोण? तो अधिकार परमेश्वराचा. तथापि एवढे उघड आहे की, वरिष्ठांपुढे वाकणे हे नम्रतेचे पुरते प्रमाण नव्हे. त्यात लाभाची आशा असू शकते. बरोबरीच्याशी व आपल्या हाताखालच्याशी आम्ही कसे वागतो, तेथे तिची कसोटी लागते.

पवित्र गुरुवारी आमच्या वेदीपुढे जो विधी होतो, त्याचा अर्थ हाच. तेथे चाकर धन्याचे जोडे उचलीत नाही. धनीच कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, आणि त्या पायांत विश्वासघात करणाऱ्या यहूदाचेही पाय असतात.

या धड्याचा एक विद्यार्थी आमच्याच भूमीत जन्मला. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांनी जपानात येशूसंघाच्या धर्मगुरूंची सेवा केली. परंतु संघात घेण्याची त्यांची विनंती मान्य झाली नाही. पुढे व्यापारात त्यांचा चांगला जम बसला, तरी तो सोडून मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून राहिले. दुभाषी होऊन ते दुसऱ्यांचे शब्द बोलत, आणि ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर प्राणास मुकले. ता. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांस संतपद दिले. नकार मिळाला असता ते रुसून श्रद्धेपासून दूर गेले नाहीत, हे विशेष ध्यानात ठेविले पाहिजे.

प्रिय बंधुभगिनींनो, गर्व आमच्या घरी राजमुकुट घालून येत नाही. मिरवणुकीत पुढचे स्थान न मिळाल्याचा रुसवा, देणगीच्या फळ्यावर आपले नाव शोधणारी दृष्टी, मोलकरणीशी व सुनेशी चढलेला आवाज, शेजाऱ्याच्या मुलाच्या यशाने मनास बसलेला चटका, ही त्याची नित्याची रूपे होत. बिशपसाहेबांची अंगठी चुंबिताना आम्ही सहज वाकतो. चर्च झाडणाऱ्यास प्रथम नमस्कार करिताना मात्र आमची मान ताठ होते.

म्हणून या ज्युबिलीच्या वर्षी प्रत्येकाने आपल्यापेक्षा लहान मानिलेल्या एका तरी मनुष्याकडे आपण होऊन जावे, चुकले असल्यास क्षमा मागावी व त्याचे एखादे काम गुपचूप करावे. त्याची नोंद कोणत्याही फळ्यावर होणार नाही; परंतु ज्याने शिष्यांचे पाय धुतले, तो ती विसरणार नाही.