ऑपरेशन अर्धवट झालं का?

परवा येवल्याला घरी गेलो होतो. काकांच्या फुप्फुसातली गाठ जेमतेम दीड सेंटिमीटरची, म्हणून पूर्ण खंड न काढता तिच्याभोवतीचा छोटा भागच काढला होता. ऑपरेशन चालू असताना तपासलेल्या लसिका ग्रंथी स्वच्छ निघाल्या, सगळे खूश. आणि दहा दिवसांनी अंतिम रिपोर्ट: एका ग्रंथीत कर्करोगाच्या पेशी. आयुष्यभर पैठणी विणलेल्या काकांनी एवढंच विचारलं, "म्हणजे ऑपरेशन अर्धवट झालं का रे?"

मला उत्तर देता आलं नाही. मग वाचत बसलो.

१९३३ साली अमेरिकेत सेंट लुईसला डॉ. एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी जेम्स गिल्मोर या रुग्णाचं अख्खं डावं फुप्फुस काढलं. खरं तर खंडच काढायचा बेत होता, पण छाती उघडल्यावर तेवढं पुरणार नाही हे दिसलं. गिल्मोर त्यानंतर तीस वर्षं जगले. सिगारेट ओढणारे ग्रॅहम मात्र १९५७ साली फुप्फुसाच्याच कर्करोगाने गेले.

पुढे अख्ख्या फुप्फुसाऐवजी एक खंड काढणं रूढ झालं. त्याहून कमी? १९९५ साली २४७ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. कमी काढलं तर आजार त्याच जागी उलटण्याचं प्रमाण जवळजवळ तिप्पट! दार बंद झालं. ते उघडलं २०२२ साली जपानी चाचणीने आणि २०२३ साली अमेरिकी चाचणीने. गाठ दोन सेंटिमीटरपर्यंतची, कडेची आणि ग्रंथी स्वच्छ असतील, तर कमी काढूनही रुग्ण तितकेच जगतात.

सगळी मेख त्या 'ग्रंथी स्वच्छ असतील तर' मध्ये आहे. ऑपरेशनच्या वेळी ग्रंथी गोठवून तिचे मोजके काप घाईने बघतात. नंतर सगळ्या ग्रंथी नीट तपासल्या जातात. अगदी बारीक पुंजका असेल तर तो तेव्हाच सापडतो.

मग पुढे काय? उरलेला खंड काढायचा की नाही, हे प्रत्येक रुग्णाचं वेगळं ठरतं. पण ग्रंथीपर्यंत पोचलेला आजार आणखी कुठे गेला असेल, तर तिथे सुरी पोचत नाही, औषधच लागतं. २००४ साली १,८६७ रुग्णांच्या चाचणीत ऑपरेशननंतर केमो दिल्यावर पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण सुमारे चार टक्क्यांनी जास्त निघालं. आकडा लहान वाटतो खरा, पण त्या चारांत आपला माणूस असू शकतो.

हे सगळं काकांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पैठणीची पारख करणारा पदर उलटा करून बघतोच. यांनी बघितला म्हणून कळलं."

असो. सोमवारी नाशिकला जायचंय, केमोचं विचारायला.